रेकॉर्ड जर्सीचा, फॉर्म बारा खेळाडूंचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आंतरराष्ट्रीय रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीची, स्पर्धा तोंडावर आली आहे. तुम्ही सगळ्या संघांचे मागच्या काही हंगामांचे निकाल, आपसातल्या लढती, विजेतेपदं आणि क्रमवारी असं सगळं एका तक्त्यात मांडलं आहे. तरीही दर वेळी उपांत्यपूर्व फेरीतच तुमचा अंदाज कोसळतो. म्हणून कोणत्या आकड्याला किती वजन द्यायचं, हे तुम्ही विचारताय.

वजनांचं बोलूच, पण अडचण वजनांची नाही असं मला वाटतं. तुमच्या तक्त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र कोंबले गेलेत. या खेळात मोठा देश कोणता, हा पहिला. सध्या कोण चांगलं खेळतंय, हा दुसरा. या शनिवार-रविवारी कोण जिंकेल, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर रेकॉर्ड देतो, दुसऱ्याचं फॉर्म. तिसऱ्याचं उत्तर या दोन्हींची बेरीज करून मिळत नाही, आणि तुम्ही नेमकी तीच बेरीज करताय.

मी सेव्हन्स संघांसाठी सामन्यांचं विश्लेषण करतो. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांचे तुकडे काढायचे, मोजायचे आणि प्रशिक्षकासमोर ठेवायचे, हे माझं काम. त्यामुळे माझं उत्तर थोडं त्या बाजूला झुकलेलं असेल. प्रशिक्षकाला कोण जिंकेल यात फारसा रस नसतो. आपल्याला मार कुठून बसू शकतो हे त्याला हवं असतं. तुम्ही स्पर्धेआधीचा लेख लिहिणार असाल, मित्रांशी पैज लावणार असाल की नुसतं जाणतेपणाने सामने बघणार असाल, त्यावर किती खोलात जायचं हे ठरेल. स्पर्धेचं स्वरूपही बघावं लागेल. सोळा संघांची स्पर्धा, बारांची आणि आठांची, यांची गणितं सारखी नसतात.

आधी हा खेळ अंदाजाला इतका निसरडा का आहे ते बघू. सामना १४ मिनिटांचा, सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदान मात्र पंधरा-पंधरा खेळाडूंच्या नेहमीच्या रग्बीचंच, पूर्ण आकाराचं. ट्रायला, म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, ५ गुण, त्यानंतरच्या गोलवरच्या किकला, म्हणजे कन्व्हर्जनला, २, आणि ती किकही ड्रॉप-किकनेच, चेंडू जमिनीवर टाकून उसळताना, मारायची. यलो कार्ड मिळालेला खेळाडू २ मिनिटं बाहेर बसतो, म्हणजे सामन्याचा सातवा हिस्सा संघ सहा जणांवर खेळतो. त्यात एक नियम असा की पंधराच्या खेळातून आलेला माणूस पहिल्यांदा गोंधळतोच: ज्याने गुण मिळवले, त्यानेच पुन्हा किक-ऑफ करायची, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करणारी किक मारायची. तीच किक-ऑफ त्याने हवेत झेलून परत मिळवली, की समोरच्याच्या हाताला चेंडू न लागता दुसरा ट्राय होऊ शकतो. असं सलग दोनदा घडलं तर निम्मा सामना तिथेच संपला. १४ मिनिटांत दोन्ही संघांच्या वाट्याला येणारे चेंडूचे ताबे इतके मोजके असतात, की चांगला संघ आणि बरा संघ यांच्यातला फरक उघडा पडायला सामना पुरतच नाही.

आता साधं गणित करा. तुमचा आवडता संघ खरोखरच इतका चांगला आहे असं धरा की बाद फेरीतला कोणताही सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे. सेव्हन्समध्ये ही फार मोठी गोष्ट आहे. विजेतेपदासाठी उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तीन सामने जिंकावे लागतात. ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे साधारण ३४ टक्के. तीनपैकी दोनदा हा संघ करंडक घेऊन जाणार नाही. ८० टक्के धरले तरी उत्तर ५१ टक्क्यांच्या आसपास येतं. त्यामुळे तुमचा अंदाज उपांत्यपूर्व फेरीत कोसळतो याचा अर्थ तक्ता चुकीचा आहे असा होतोच असं नाही. तक्त्याला जे सांगता येत नाही, ते तुम्ही त्याला विचारताय.

याचं हल्लीचं उदाहरण अर्जेंटिना. प्रशिक्षक सांतियागो गोमेझ कोरा, जे स्वतः खेळाडू असताना जागतिक मालिकेत (दर हंगामात वेगवेगळ्या शहरांत होणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेत) २३० ट्राय करून गेले, त्यांनी हा संघ वर्षानुवर्षं घडवला. २०२३-२४ च्या हंगामात अर्जेंटिनाने केप टाउन, पर्थ आणि व्हँकुव्हर अशा लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या. २०२४-२५ मध्ये पर्थ, व्हँकुव्हर आणि हाँगकाँग, पुन्हा लागोपाठ तीन. दोन्ही हंगामांत साखळी गुणांत, म्हणजे हंगामभरातल्या स्पर्धांच्या एकूण गुणांत, ते अव्वल होते. आणि दोन्ही वेळा हंगामाची शेवटची मोठी स्पर्धा दुसऱ्याने नेली: २०२४ मध्ये माद्रिदच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने त्यांना १९-५ असं हरवलं, तर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला दक्षिण आफ्रिकेने स्पेनला १९-५ असं हरवून विजेतेपद घेतलं. यावर 'अर्जेंटिना दडपणाखाली ढेपाळते' असं लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. सलग तीन स्पर्धा जिंकणं हीच अपवादाची गोष्ट होती. चौथी किंवा पाचवी हुकणं हे नेहमीचं. हंगामभराची साखळी आणि एका शनिवार-रविवारची स्पर्धा या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

आता रेकॉर्डकडे येऊ. रेकॉर्ड निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तो फक्त जर्सीचा असतो, आणि जर्सी मैदानावर धावत नाही. पुरुषांचा विश्वचषक १९९३ मध्ये एडिनबरोला सुरू झाला. तेव्हापासून २०२२ पर्यंतचे आठ विश्वचषक आणि २०१६ ते २०२४ ची तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळून अकरा मोठी विजेतेपदं पाच देशांत वाटली गेली: फिजी, न्यूझीलंड, इंग्लंड, वेल्स आणि फ्रान्स. त्यातली आठ फिजी आणि न्यूझीलंड या दोघांचीच. हे वाचून कोणी म्हणेल, मग या दोघांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. पण २००९ चा दुबईचा विश्वचषक बघा. उपांत्य फेरीत होते वेल्स, सामोआ, अर्जेंटिना आणि केनिया. न्यूझीलंड, फिजी, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, कोणीच नाही. वेल्सने न्यूझीलंडला १५-१४ असं एका गुणाने बाहेर काढलं आणि अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला १९-१२ असं हरवलं. त्या आठवड्याच्या सुरुवातीला कोणत्याही तक्त्यात वेल्सचं नाव वरच्या चारांत नसणार.

मग रेकॉर्ड सांगतो काय? तो संघाची उंची सांगतो, म्हणजे चांगल्या दिवशी हा संघ कुठपर्यंत जाऊ शकतो ते. फिजी हे त्याचं ठळक उदाहरण. २०२२ च्या सप्टेंबरात केप टाउनला न्यूझीलंडला २९-१२ असं हरवून ते विश्वविजेते झाले, आणि मग पुढच्या दोन पूर्ण हंगामांत जागतिक मालिकेतली एकही स्पर्धा त्यांना जिंकता आली नाही. प्रशिक्षक बदलले. बेन गॉलिंग्ज गेले आणि २०१६ च्या सुवर्णविजेत्या संघाचे कर्णधार ओसिआ कोलिनिसाउ आले. फॉर्म बघणाऱ्याने त्यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी मागेच ठेवलं असतं. आणि ते थेट अंतिम सामन्यात जाऊन उभे राहिले. तोपर्यंत ऑलिम्पिकच्या इतिहासात फिजीचे पुरुष सेव्हन्समध्ये एकही सामना हरले नव्हते. इथे रेकॉर्डने फॉर्मवर मात केली. म्हणून मी रेकॉर्ड पूर्णपणे बाजूला ठेवत नाही. दोन संघ बाकी सगळ्या बाबतींत सारखे वाटले, की तेव्हा तो काढतो.

मैदानाच्या रेकॉर्डचं मात्र मला फारसं कौतुक नाही. 'या शहरात हा संघ कधी जिंकत नाही' अशी वाक्यं स्पर्धेआधीच्या लेखांत हमखास सापडतात. दक्षिण आफ्रिकेचा पुरुष संघ मालिकेतल्या कितीतरी स्पर्धा जिंकला, दुबईत तर वारंवार, पण २०२५ च्या स्पर्धेपर्यंत हाँगकाँगचा करंडक काही त्यांना मिळाला नव्हता. गोष्ट म्हणून छान आहे. पण १९९९-२००० मध्ये मालिका सुरू झाली तेव्हापासून त्यांच्या जर्सीत किती पिढ्या आल्या-गेल्या, आणि हाँगकाँगची स्पर्धा तर २०२५ मध्ये जुन्या स्टेडियममधून कै टाकच्या नव्या स्टेडियमवर गेली. अपयश नेमकं कुणाचं आणि कुठल्या गवतावरचं? हवामान, उष्णता, वारा यांचा परिणाम होतो, जरूर होतो. त्यासाठी या वर्षीचं हवामान बघा. पंधरा वर्षांपूर्वीचे निकाल बघून काही कळणार नाही.

वैयक्तिक विक्रमांचं तर आणखी थोडक्यात. इंग्लंडच्या डॅन नॉर्टनचे ३५८ ट्राय किंवा त्याच इंग्लंडच्या बेन गॉलिंग्जचे २,६५२ गुण हे विक्रम त्या माणसांच्या मोठेपणाबद्दल सांगतात. 'अमुक खेळाडू दोनशेव्या ट्रायच्या उंबरठ्यावर' ही बातमी वाचायला चांगली, अंदाजाला शून्य.

आता ज्याला मी सर्वात जास्त वजन देतो त्याकडे वळू: बारा नावं. सेव्हन्सच्या स्पर्धेत सात मैदानावर, पाच बेंचवर, एवढाच संघ. या बारांपैकी किती जण मागच्या स्पर्धेत होते आणि त्यांनी प्रत्यक्षात किती मिनिटं खेळली, हे मोजल्याशिवाय मी मागच्या स्पर्धेच्या निकालाला हातही लावत नाही. एकच जर्सी घालून दोन पूर्णपणे वेगळे संघ येऊ शकतात. २०१८ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगची स्पर्धा आणि गोल्ड कोस्टची राष्ट्रकुल स्पर्धा यांत जेमतेम आठवड्याचं अंतर होतं. दक्षिण आफ्रिकेने आपले मुख्य खेळाडू राष्ट्रकुलसाठी राखले आणि हाँगकाँगला नवख्यांचा संघ पाठवला. गंमत अशी की नवखे तिसरे आले आणि मुख्य संघ गोल्ड कोस्टला चौथा. तुमच्या तक्त्यात हे दोन्ही निकाल 'दक्षिण आफ्रिका' या एकाच ओळीत बसले असतील. आणि त्यावरून काढलेली सरासरी कुठल्याच संघाबद्दल काही सांगणार नाही.

उलट दिशेचं उदाहरण फ्रान्सचं. २००५ मध्ये पॅरिसला जिंकल्यानंतर १९ वर्षं त्यांच्या पुरुष संघाला मालिकेतली एकही स्पर्धा जिंकता आली नव्हती. २०२४ च्या सुरुवातीला पंधराच्या रग्बीतला अव्वल खेळाडू आंत्वान द्युपाँ सेव्हन्समध्ये आला. व्हँकुव्हरला फ्रान्स तिसरं आलं, लगेच पुढच्या स्पर्धेत लॉस एंजेलिसला विजेते झाले. द्युपाँ सगळ्या स्पर्धा खेळला नाही. म्हणजे त्या हंगामातल्या फ्रान्सच्या निकालांचे दोन गठ्ठे करायला हवे होते, त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय. ऑलिम्पिकनंतर तो पंधराच्या रग्बीत परतला, तेव्हा २०२४ चा गठ्ठा पुन्हा बंद करून ठेवायचा. हे सगळं एका माणसामुळे झालं असं मी म्हणत नाही. त्या संघात आधीपासूनच दम होता, आणि द्युपाँ गेल्यावरही २०२४-२५ मध्ये ते केप टाउन आणि हाँगकाँगच्या अंतिम सामन्यांत पोहोचलेच. पण बारांतला एक जण म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त संघ. आणि तो एक जण सामन्याची शेवटची सहा-सात मिनिटं खेळणारा असेल तर त्याचं वजन आणखी वाढतं.

पॅरिस ऑलिम्पिकच्या पुरुष स्पर्धेची पानं मी नवशिक्या विश्लेषकांना नेहमी उघडून दाखवतो. तुमच्या प्रश्नातलं सगळं काही तीन दिवसांत तिथे घडलं. स्पर्धा सुरू होण्याआधी कागदावर काय होतं ते आठवा. अर्जेंटिना साखळीत अव्वल. न्यूझीलंडने हाँगकाँग आणि सिंगापूर जिंकून मुसंडी मारलेली. फ्रान्सने माद्रिद जिंकलेलं. फिजीचा हंगाम कोरडा. दक्षिण आफ्रिकेला तर पात्रतेसाठी जून महिन्यात मोनॅकोतल्या शेवटच्या पात्रता स्पर्धेतून यावं लागलं, प्रशिक्षकपदही हंगामाच्या उत्तरार्धात फिलिप स्नायमन यांच्याकडे आलेलं.

गटसामन्यांत फ्रान्सची अमेरिकेशी १२-१२ अशी बरोबरी झाली, उरुग्वेवर १९-१२ असा ओढूनताणून विजय, आणि फिजीकडून १२-१९ असा पराभव. म्हणजे एक विजय, एक बरोबरी, एक पराभव. दक्षिण आफ्रिका आयर्लंडकडून ५-१० आणि न्यूझीलंडकडून ५-१७ अशी हरली, जपानला मात्र ४९-५ असं चिरडलं. न्यूझीलंड गटात अपराजित. या टप्प्यावर कुणीही न्यूझीलंड आणि फिजीचा अंतिम सामना रंगवला असता.

उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडच्या वाट्याला आली तीच दक्षिण आफ्रिका, आणि आदल्या दिवशी जिला सहज हरवलं होतं तिने १४-७ असं त्यांना बाहेर काढलं. अर्जेंटिना गटात ऑस्ट्रेलियाकडून १४-२२ अशी हरल्यामुळे दुसरी आली, आणि यजमान फ्रान्सच्या समोर पडली. फ्रान्सने २६-१४ असा विजय मिळवला. मग उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर १९-५. अंतिम सामन्यात फिजी, म्हणजे दोन दिवसांपूर्वी ज्यांच्याकडून हरले तेच. मध्यंतराला ७-७. उत्तरार्धात द्युपाँ बेंचवरून आला, एक ट्राय घडवला, दोन स्वतः केले आणि निकाल लागला २८-७.

या तीन दिवसांतून मी काय घेतो? सर्वात आधी, त्याच स्पर्धेतला गटसामना हा बाद फेरीचा आरसा नसतो. गटात प्रशिक्षक मिनिटं वाटून देतो, मुख्य खेळाडूंचे पाय जपतो, काही चाली झाकून ठेवतो, आणि गुणफरकासाठी एखाद्या सामन्यात उगाच ओढूनताणून खेळतो. दक्षिण आफ्रिकेचे जपानविरुद्धचे ४४ गुणांचे अंतर फॉर्म म्हणून मोजलं तर फसाल; पण तिसऱ्या क्रमांकावरून उपांत्यपूर्व फेरीत शिरायला तोच गुणफरक कामी आला. एकच आकडा एका प्रश्नासाठी कचरा आणि दुसऱ्यासाठी सोनं.

आणि दुसरं म्हणजे बेंच. सेव्हन्समध्ये सुरुवातीचे सात म्हणजे सर्वोत्तम सात असं समजू नका. कितीतरी संघ आपला सर्वात घातक खेळाडू उत्तरार्धासाठी राखतात, समोरच्यांचे पाय जड झाल्यावर त्याच्यासमोर मोकळी जागा पडते. म्हणून मी निकाल नेहमी दोन डावांत फोडून बघतो. पूर्वार्धात पिछाडीवर राहून सामना काढणारा संघ आणि पूर्वार्धात आघाडी घेऊन शेवटी धापा टाकणारा संघ, दोघांच्या नावापुढे 'विजय' एवढंच लिहिलेलं असतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

किक-ऑफबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते फॉर्मचं सगळ्यात खरं माप तिथे आहे आणि तयार तक्त्यांत ते सहसा नसतं. मागच्या स्पर्धेतले त्या संघाचे बाद फेरीचे सामने काढा. प्रत्येक किक-ऑफपुढे चार गोष्टी टिपा: कोणी मारली, चेंडू वादात पडेल इतकी आखूड मारली की लांब, हवेत कोणी झेलला, आणि त्या ताब्याचा शेवट कशात झाला. चारपाच सामने टिपले की चित्र दिसू लागतं. एखादा संघ सामने जिंकत असतो, पण स्वतःच्या किक-ऑफवर चेंडू परत मिळवणं त्याला थांबलेलं असतं. त्याची उंच उडी मारणारी जोडी फुटलेली असते, किंवा किक मारणारा दुखापतीने बाहेर असतो. असा संघ जिंकत असला तरी त्याचा पाया ढासळायला लागलेला असतो. उलट दोन गुणांनी, पाच गुणांनी हरत असलेला पण हवेतला चेंडू सातत्याने जिंकणारा संघ पुढच्या स्पर्धेत वर येतो, हे मी बरेचदा पाहिलं आहे. मोबाइलवर सामना बघत वहीत रेघा मारूनही हे करता येतं, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

याला जोडूनच थोड्या फरकाने सुटलेल्या सामन्यांचं. सात किंवा त्याहून कमी गुणांनी सुटलेला सामना मी विजय-पराजय म्हणून नोंदवतच नाही, बरोबरीच्या खणात टाकतो. सात गुण म्हणजे एक ट्राय आणि त्याचं कन्व्हर्जन, एक ताबा. पॅरिसमध्ये न्यूझीलंडच्या पुरुषांनी आयर्लंडला १४-१२ असं हरवलं. महिलांच्या कांस्यपदकाच्या सामन्यात अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला हरवलं, तेही १४-१२. दोन्हींत दोन्ही बाजूंचे ट्राय सारखेच, दोन-दोन. फरक फक्त एका कन्व्हर्जनचा. अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स सेड्रिकने तर वेळ संपता संपता स्वतःच्या गोलरेषेजवळून चेंडू घेऊन जवळपास अख्खं मैदान कापलं, ट्राय केला, आणि कन्व्हर्जनही स्वतःच मारलं. ती मधेच पकडली गेली असती तर पदक ऑस्ट्रेलियाचं. एवढ्याशा फरकावर तुम्ही 'आपसातल्या लढतींत अमेरिका पुढे' असं लिहिणार का? दुसरीकडे वीसच्या पुढच्या फरकालाही मी वीसच धरतो. समोरच्याने हात टेकल्यावर झालेले ट्राय काही सांगत नाहीत.

महिलांच्या स्पर्धेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तक्ता एकच वापरत असाल तर थांबा. तिथे रेकॉर्डला जास्त वजन द्यावं लागतं. २००९ ते २०२२ चे चार विश्वचषक आणि तीन ऑलिम्पिक, सातही विजेतेपदं न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या दोघांनीच घेतलेली. मधल्या फळीशी त्यांचं अंतर पुरुषांपेक्षा जास्त आहे, आणि खेळाडू बरीच वर्षं एकत्र राहतात, त्यामुळे जर्सी आणि बारा नावं यांच्यातली फारकत कमी. तरीही एकाच शनिवार-रविवारी काय होऊ शकतं ते ऑस्ट्रेलियाला विचारा. २०२४ मध्ये माद्रिद जिंकून त्या पॅरिसला आल्या, उपांत्य फेरीत कॅनडाविरुद्ध १२-० अशा पुढे होत्या, हरल्या १२-२१. मग वर सांगितलेला तो कांस्यपदकाचा सामना. फॉर्म उत्तम, रेकॉर्ड उत्तम, आणि पदक नाही. त्याच हंगामात पर्थला आयर्लंडच्या महिलांनी त्यांच्याच घरी त्यांना १९-१४ असं हरवून आपलं पहिलं विजेतेपद घेतलं होतं. महिलांसाठी मी बाद फेरीतल्या आवडत्या संघाची टक्केवारी वर धरतो, पण शंभराच्या जवळ कधीच नेत नाही.

फॉर्म किती मागपर्यंत मोजायचा, हाही तुमच्या प्रश्नातला एक भाग होता. याला एकच उत्तर नाही. मी साधारणपणे त्याच हंगामातल्या शेवटच्या तीन-चार स्पर्धा धरतो, आणि त्यातही बारांपैकी आठ तरी नावं तीच असतील तरच पूर्ण वजन देतो. सहाच्या खाली गेली तर तो वेगळा संघ. आपसातल्या लढती दोन हंगामांपलीकडच्या असतील तर मी त्या उघडतही नाही. स्पर्धांमधलं अंतर बघा. लागोपाठच्या आठवड्यांत दोन स्पर्धा असतील तर पहिलीचा विजेता दुसरीत दमलेला आणि बँडेज बांधलेला येतो, कारण तो पहिल्या स्पर्धेत शेवटपर्यंत खेळला. २०२५ मध्ये हाँगकाँग अर्जेंटिनाने जिंकलं, आणि पुढच्याच आठवड्यात सिंगापूरला अंतिम सामना झाला तो फिजी आणि केनियात. फिजीने तो २१-१२ असा घेतला. मधे महिनाभर असेल तर दमछाक सोडून द्या, पण बारा नावं पुन्हा तपासा, तेवढ्या काळात ती बदलतात.

केनियाचं नाव आलंच आहे तर एक जाता जाता. २०१६ मध्ये सिंगापूरलाच त्यांनी फिजीला ३०-७ असं हरवून करंडक घेतला होता. त्यामुळे २०२५ ला 'केनियाला सिंगापूर मानवतं' असं म्हणणारे निघालेच. नऊ वर्षांत संघ सगळा नवा. मी याला मैदानाचा गुण म्हणणार नाही. हा संघ जेव्हा किक-ऑफ जिंकतो तेव्हा जगात कुणालाही हरवू शकतो, आणि जिंकत नाही तेव्हा कुणाकडूनही हरतो. सिंगापूरला दोनदा ते जुळून आलं, इतकंच.

तर तुमच्या तक्त्याचं काय करायचं? विजेतेपदांचा आणि क्रमवारीचा भाग वेगळ्या पानावर न्या, तो बरोबरी फोडण्यापुरता. मुख्य पानावर प्रत्येक संघापुढे आधी जाहीर झालेली बारा नावं लिहा, मागच्या तीन स्पर्धांत त्यातले कोण होते ते खुणा करा. त्यापुढे फक्त बाद फेरीचे निकाल, लहान फरक बरोबरीत टाकून आणि मोठे फरक कापून. त्यापुढे किक-ऑफचा हिशोब आणि उत्तरार्धातले गुण. मग गटवारी: गटात पहिलं आणि दुसरं आल्यास समोर कोण येतं, ते दोन्ही रस्ते काढा. पॅरिसला अर्जेंटिनाची स्पर्धा ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पराभवामुळे फिरली. तो रस्ता आधीच दिसत होता.

आणि अंदाज लिहिताना एका विजेत्याचं नाव लिहू नका. प्रत्येक संघापुढे उपांत्य फेरी गाठण्याची आणि जिंकण्याची टक्केवारी लिहा, सगळ्यांची बेरीज अनुक्रमे ४०० आणि १०० येते का बघा. पहिल्यांदा ही बेरीज जवळजवळ नेहमीच जास्त भरते, कारण आपण प्रत्येक आवडत्या संघाला मनात थोडं जास्त देतो. कापायला बसलात की कुणाबद्दल तुमच्याकडे खरी माहिती आहे आणि कुणाबद्दल नुसता आदर, ते आपोआप कळतं. शेवटचा बदल पहिल्या दिवसाचे सामने संपल्यावर करा: कोण लंगडत बाहेर गेला, कोणाला एकही मिनिट दिलं नाही, किक-ऑफ कुठली जोडी झेलत होती, एवढंच बघून. पहिल्या दिवसाच्या निकालांना हात लावू नका.